नर्तकीची निवृत्ती : एक हिशेब

आपल्या मंडळात सध्या निवृत्तीवर बोलायची साथ आलेली आहे. पूर्वी पॉटलकला घरांच्या किमती आणि मुलांचे एसएटीचे गुण यांवर चर्चा व्हायची. आता तिशीतली, सॉफ्टवेअरमधली पोरं पुरणपोळीवर तूप घेता घेता 'चाळिशीत सगळं सोडणार' असं सांगतात आणि खर्चाच्या पंचवीसपट पैसे साठले की झालं, असं गणितही मांडून दाखवतात. आम्ही तीस-बत्तीस वर्षं हिशेबनिसी केलेली, त्यामुळे कौतुकाने ऐकतो. पण हा प्रश्न ज्यांना खरोखर अडचणीत टाकतो ते लोक आपल्या पॉटलकला येत नाहीत. त्यांच्यापैकी एका वर्गाबद्दल आज लिहायचं आहे. या देशात ज्यांना 'एक्झॉटिक डान्सर' म्हणतात, म्हणजे स्ट्रिप क्लबात नाचणाऱ्या बायका, त्यांचा हा वर्ग.

"अहो, हे मंडळाच्या अंकात छापणार तुम्ही? मोदकांच्या पाककृतीशेजारी?" असं आमच्या घरातून विचारणं झालंच. आमचं उत्तर असं की पैशाचं गणित सोवळं-ओवळं पाळत नाही. शिवाय बैठकीच्या लावणीला दौलतजादा करणाऱ्यांचे आपण वंशज. नाचणारीकडे पाहून नाक मुरडण्याचा हक्क आपण केव्हाच गमावलेला आहे. क्लबात जावं की जाऊ नये, हे काम चांगलं की वाईट, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच : या कामातून बाई लवकर निवृत्त होऊ शकते का?

लोकांचा समज असा की का नाही होणार? रात्रीत पाचशे, हजार डॉलर, तेही रोख. पाच-सात वर्षं नाचायचं आणि मग आयुष्यभर बसून खायचं. हा समज ऐकायला सोपा आहे, कारण त्यात फक्त चांगल्या रात्री मोजलेल्या असतात.

पहिली गोष्ट, बहुतेक क्लबांत नर्तकीला पगार नसतो. उलट तीच क्लबला पैसे देते. याला हाउस फी किंवा स्टेज फी म्हणतात. रंगमंच, दिवे आणि गिऱ्हाईक क्लबचं, तेव्हा पाय ठेवायचं भाडं भर, असा हा व्यवहार. त्यानंतर रात्र संपताना गाणी लावणाऱ्या डीजेला, दारावरच्या बाउन्सरला, मेकअपच्या खोलीत सुया-दोरे सांभाळणाऱ्या 'हाउस मॉम'ला आपल्या कमाईतून द्यायचं. याला म्हणायचं टिप-आउट. मंगळवारी पाऊस पडला, चार टाळकी आली, तरी अनेक ठिकाणी फी ठरलेली ती ठरलेलीच. भरता आली नाही तर ती पुढच्या रात्रीवर चढते. म्हणजे बाई कामावर जाते ती कर्ज फेडायला.

हे वाचून ज्यांना आपल्याकडची 'उचल' आठवेल त्यांना आम्ही दाद देऊ. तमाशाच्या फडात हंगाम सुरू होण्यापूर्वी फडमालकाकडून उचल घ्यायची आणि मग हंगामभर ती अंगावर नाचून फेडायची. ती फिटेपर्यंत पुढची उचल घ्यायची वेळ येते. आणि शेवट? विठाबाई नारायणगावकरांचा सन्मान राष्ट्रपतींच्या हस्ते झाला होता. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा इस्पितळाचं बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावं लागलं होतं. इतकी कीर्ती असून म्हातारपणाची तरतूद नाही. तेव्हा टाळ्या आणि शिल्लक यांचा संबंध थोडाच, हे आपल्याला अमेरिकेने शिकवायची गरज नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊ. आकडे आमचे, गृहीत धरलेले. पण रीत खरी आहे.

समजा एक मुलगी बाविसाव्या वर्षी सुरू करते आणि वर्षातून १८० रात्री काम करते. (याहून जास्त शरीर मानत नाही. आठ-आठ इंची टाचांवर सहा तास उभं राहून पाहा म्हणजे कळेल.) चांगल्या-वाईट रात्री धरून सरासरी ५०० डॉलर हातात पडतात. हाउस फी १००, टिप-आउट ७५. उरले ३२५. वर्षाचे झाले ५८,५००. कपडे, टाचा, मेकअप, प्रवास यांचे साडेसहा हजार वजा केले की धंद्याचं निव्वळ उत्पन्न ५२,००० राहतं. ती कायद्याने स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे मालकाने भरायचा सोशल सिक्युरिटीचा अर्धा वाटाही तिलाच भरायचा. स्वयंरोजगार कर १५.३ टक्क्यांचा, तो सात हजारांच्या वर जातो. फेडरल आणि राज्याचा आयकर मिळून पाचेक हजार धरा. हातात राहिले चाळीस हजार. आरोग्यविमा धरून साधं राहणं तीस हजारांचं. शिल्लक वर्षाला दहा हजार.

महागाई वजा जाता ५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत हे दहा-दहा हजार मिळून सव्वा लाखाच्या आसपास होतात. बत्तिसाव्या वर्षी सव्वा लाख डॉलर ही वाईट रक्कम नाही. आपल्यातल्या पुष्कळांकडे त्या वयात नव्हती. पण ती निवृत्ती नव्हे. तीस हजारांच्या खर्चाला ती चार वर्षं पुरेल.

आता तीच मुलगी सरासरी ५००ऐवजी ६५५ मिळवते असं धरा. फी तीच, टिप-आउट तेच. निव्वळ उत्पन्न सुमारे ऐंशी हजार होतं, कर एकोणीस-वीस हजार, आणि तीस हजारांत राहिली तर शिल्लकही तीस हजार. कमाई वाढली तीस टक्क्यांनी आणि शिल्लक झाली तिप्पट! आम्ही हा आकडा दोनदा तपासला. फी आणि घरखर्च या दोन्ही गोष्टी ठाम बसलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावरचा प्रत्येक डॉलर कर जाऊन सरळ बचतीत पडतो. उलट कमाई थोडी घसरली की बचत एकदम शून्यावर येते. लवकर निवृत्त होणारी आणि रिकाम्या हाताने बाहेर पडणारी यांच्यात रोजच्या दीडशे डॉलरचा फरक असतो, आणि हे दीडशे कधी क्लबवर, कधी गावावर, तर कधी नुसत्या नशिबावर अवलंबून.

पण ही दुसरी मुलगीसुद्धा बत्तिसाव्या वर्षी निवृत्त होत नाही. तिच्याकडे जमतात पावणेचार लाख. पंचवीसपटीच्या नियमाने तिला लागतात साडेसात लाख. तेवढे जमायला साडेसोळा वर्षं, म्हणजे वय अडतीस-एकोणचाळीस. त्यात हा पंचवीसपटीचा नियमही पासष्टीच्या माणसासाठी बेतलेला. विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली गणित मांडलं ते तीस वर्षांच्या निवृत्तीचं, आणि १९९८च्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या अभ्यासातही लांबात लांब मुदत तीसच वर्षांची. चाळिशीत बसणाऱ्या बाईला पन्नास वर्षं काढायची असतात. चार टक्क्यांऐवजी साडेतीन धरले तर साडेआठ लाखांच्या वर लागतात आणि आणखी दीड-दोन वर्षं नाचावं लागतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या पोरांनीही हे लक्षात घ्यावं, पण ते जाऊ द्या.

मग वाट अशी काहीच नाही? एक आहे, आणि हिशेबनीस म्हणून आम्हाला ती सगळ्यांत पटते. दहा वर्षं तीस-तीस हजार साठवले, पावणेचार लाखांना हात लावायचा नाही, आणि बत्तिसाव्या वर्षी साधी, घरखर्चापुरती नोकरी धरायची. पुढे एक पैसाही टाकला नाही तरी चौदा वर्षांत त्याचे साडेसात लाख होतात. शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरीही सुटू शकते. याला लवकर निवृत्ती म्हणायचं की उशिरा सुरू झालेलं दुसरं आयुष्य, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्षात गाडी अडते ती दुसऱ्याच कागदावर.

नोकरी सुटल्यापासून आम्ही आमच्या न्यू जर्सीतल्या गावच्या लायब्ररीत फेब्रुवारी ते एप्रिल विनामूल्य टॅक्स भरून द्यायला बसतो. येणारे बहुतेक पेन्शनर. २०२३च्या मार्चमध्ये एक तिशीची बाई आली. धंदा कोणता या रकान्यात काय लिहायचं ते तिने आम्हाला विचारलं नाही, 'डान्सर' असं स्वतःच लिहून आणलं होतं. बुटांच्या खोक्यात पावत्या, आणि एका वहीत प्रत्येक रात्रीची कमाई, फी, टिप-आउट. आम्ही ज्या कारखान्यांचे हिशेब पाहिले त्यांच्यातल्या काहींची वही इतकी नीट नव्हती. तिचा प्रश्न सरळ होता. सात वर्षं झाली, गुडघा बोलायला लागला आहे, आणखी तीन वर्षांनी थांबले तर चालेल का?

वहीत २०१६पासूनची कमाई होती. विवरणं मात्र २०२०पासूनची. आधीची का नाहीत विचारलं तर म्हणाली, "रोख होतं. सगळ्याजणी म्हणायच्या, कशाला सांगायचं?" मग २०२०चा मार्च आला, क्लब बंद झाले. स्वयंरोजगारवाल्यांसाठी सरकारने बेकारभत्ता सुरू केला, पण मागच्या वर्षीच्या कमाईचा कागद मागितला. कागद नव्हता, म्हणून तिला मिळाला तो कमीत कमी भत्ता. शेजारी नाचणाऱ्या ज्या मुलीची सगळे 'सरकारला पैसे देते' म्हणून थट्टा करायचे, तिला जास्त मिळाला. त्या वर्षापासून ही भरायला लागली.

इथे सोशल सिक्युरिटीचा एक नियम सांगायला हवा, जो आपल्या मंडळातल्या छोट्या धंदेवाल्यांनाही उपयोगी पडेल. पेन्शनला पात्र व्हायला चाळीस क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ साली चार क्रेडिटना ७,२४० डॉलरचं उत्पन्न पुरत होतं, म्हणजे पात्रता अवघड नाही. पण स्वयंरोजगाराचं उत्पन्न, ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवसांच्या आत कळवलं नाही तर ते खात्यावर चढतच नाही. उशिरा कर भरावा लागतोच, वर दंड आणि व्याज, पण त्याचं पेन्शन मिळत नाही. पेन्शन ठरतं उत्तम पस्तीस वर्षांच्या सरासरीवर, न कळवलेलं वर्ष तिथे शून्य म्हणून बसतं.

म्हणजे तिची २०१६, १७ आणि १८ ही तीन वर्षं गेली होती. २०१९ची मुदत होती १५ एप्रिल २०२३. आम्ही कॅलेंडर पाहिलं, साडेतीन आठवडे होते. आमच्या टेबलावर असली जुनी प्रकरणं घेता येत नाहीत, म्हणून तिला ओळखीच्या एका सीपीएकडे पाठवलं. २०१९चं विवरण ९ एप्रिलला गेलं. मागचा कर हप्त्याने फेडायचा ठरला, म्हणजे तिच्या 'आणखी तीन वर्षां'तलं जवळजवळ एक वर्ष त्यातच जाणार होतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग वहीत तो आकडा तिने हाउस फीच्या रकान्याखाली लिहून घेतला. तिच्या दृष्टीने तो योग्य रकाना असावा.

कर भरला तर घर घेता येतं, कारण बँक दोन वर्षांची विवरणं मागते. निवृत्तीच्या खात्यांत टाकता येतं, कारण तिथे कमावलेलं आणि जाहीर केलेलं उत्पन्न लागतं. लवकर थांबणाऱ्यांनी रॉथ खातं तर उघडावंच. त्यात टाकलेली मुद्दल साडेएकोणसाठ वर्षांची वाट न पाहता करदंडाशिवाय काढता येते, फक्त तिच्यावरची वाढ राहू द्यायची. आणि धंद्याचे खर्च वजा मिळतात ते वेगळंच. इंडियाना राज्यातल्या 'चेस्टी लव्ह' या नावाने नाचणाऱ्या बाईने छाती प्रचंड मोठी करून घेतलेल्या शस्त्रक्रियेवर घसारा मागितला. आयकर खातं म्हणालं, हा वैयक्तिक खर्च. टॅक्स कोर्टाने १९९४ साली तिचं म्हणणं मान्य केलं : हे रंगमंचाचं साहित्य आहे, घसारा मिळेल. आमच्या उमेदवारीच्या काळात यंत्रांवर आणि ट्रकांवर घसारा लावत लावत डोळे गेले, असलं प्रकरण आमच्या वाट्याला कधी आलं नाही.

या बायका नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, हा वाद मात्र गंभीर आहे. वेळ क्लब ठरवणार, दर क्लब ठरवणार, नियम मोडला तर दंड क्लब करणार, आणि पगाराचा विषय निघाला की 'तुम्ही स्वतंत्र'. न्यूयॉर्कच्या रिक्स कॅबरेच्या नर्तकींनी खटला लावला, २०१३ साली कोर्टाने त्या नोकर असल्याचं ठरवलं, आणि २०१५ साली दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. कॅलिफोर्नियात २०१८चा डायनामेक्स निकाल आणि २०२०पासूनचा कायदा यांमुळे क्लबांना नर्तकींना नोकर मानावं लागलं. ते सगळ्याजणींना आवडलं असं नाही. किमान वेतनाबरोबर काहींच्या टिपांतला वाटाही क्लबने घेतला. पण नोकराला बेकारभत्ता असतो, कामावर गुडघा गेला तर भरपाई असते, आणि सोशल सिक्युरिटीत मालकाचा अर्धा वाटा पडतो. संघटनाही झाल्या. सान फ्रान्सिस्कोच्या लस्टी लेडीत १९९७ साली पहिला करार झाला, २००३ साली नर्तकींनी ते ठिकाणच विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवलं, २०१३ साली ते बंद पडलं. २०२३ साली नॉर्थ हॉलिवूडच्या स्टार गार्डनमधल्या नर्तकी नाटकातल्या नटांच्या 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' या संघटनेत गेल्या.

सरकारने एका फटक्यात सगळ्यांना निवृत्त केल्याचंही उदाहरण आहे, आणि ते आपल्याच मुंबईचं. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली. ७५ हजार बायकांचं काम गेलं असा आकडा तेव्हा सगळीकडे दिला जात होता. उच्च न्यायालयाने २००६ साली बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल कायम केला, मग नवे कायदे, पुन्हा कोर्ट, आणि २०१९ साली बऱ्याच अटी शिथिल झाल्या. चौदा वर्षं! सुरुवातीला वीस वर्षांची असलेली मुलगी शेवटच्या निकालाला चौतीस वर्षांची झाली. खटला जिंकला आणि वय हरलं.

वयाबद्दल एक गंमत सांगतो. जुन्या काळच्या नामवंत नर्तकी लवकर निवृत्त होतच नसत. १९३३च्या शिकागोच्या जत्रेत पिसांच्या पंख्यांनी गाजलेली सॅली रँड सत्तरी उलटल्यावरही तेच पंखे घेऊन उभी राहत असे. १९७९ साली ती गेली. बॉल्टिमोरची ब्लेझ स्टार जास्त व्यवहारी. ज्या क्लबात नाचायची तो क्लबच तिने विकत घेतला आणि पुढे रत्नांचे दागिने घडवून विकले. आमच्या मते सगळ्यांत मोठी दृष्टी जेनी लीची. १९५५ साली तिने नर्तकींची संघटना उभी केली ती मजुरी वाढवून मागायला. उतारवयात ती मोहावीच्या वाळवंटात हेलेंडेल इथे एका ओसाड शेळीफार्मवर राहायला गेली, सोबत जुने पोशाख, फोटो, पोस्टरं. १९९० साली ती गेल्यावर तिची मैत्रीण डिक्सी एव्हान्स हिने तिथे संग्रहालय चालवलं, दरवर्षी स्पर्धा भरवली, आणि देशभरच्या म्हाताऱ्या नर्तकी धुळीतून गाड्या हाकत तिथे जमू लागल्या. ते संग्रहालय पुढे लास वेगासला गेलं.

आता उरतो तो वॉशिंग्टन राज्याचा २०२४चा कायदा. त्यात बाकी बरंच आहे, पण आमच्यासारख्याचं लक्ष गेलं ते एका कलमावर : आठ तासांच्या पाळीला क्लबने नर्तकीकडून १५० डॉलर किंवा तिच्या त्या पाळीतल्या कमाईचे ३० टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढंच घ्यायचं, आणि न भरलेली फी पुढे चढवायची नाही. म्हणजे ज्या रात्री दोनशेच मिळाले त्या रात्री फी साठाच्या वर नाही, आणि काहीच मिळालं नाही तर शून्य. वर आम्ही मांडलेल्या पहिल्या मुलीच्या १८० रात्रींपैकी साठ रात्री अशा मंद धरल्या आणि त्या प्रत्येक रात्री शंभराऐवजी साठ भरले असं धरलं, तर वर्षाला २,४०० डॉलर वाचतात. कर जाऊन अठराशे. त्याच ५ टक्क्यांनी दहा वर्षांत साडेबावीस हजारांच्या वर. तिच्या घरखर्चाचे नऊ महिने.